कोनिफरचं रोप निरोगी आहे का, हे मुळं सांगतात

नमस्कार. आज पाइन, स्प्रूस, सायप्रस, जुनिपर, मोरपंखी अशा शोभेच्या कोनिफरची, म्हणजे शंकू धरणाऱ्या झाडांची, रोपं नर्सरीत कशी वाढवायची ते पाहू.

आधी या झाडांचा स्वभाव समजून घ्या. टोमॅटोच्या रोपाला पाणी कमी पडलं की पानं लगेच माना टाकतात. कोनिफरच्या सुया, म्हणजे त्यांची पानं, तसं काही दाखवत नाहीत. खाली मुळं कुजत असतात आणि वरची हिरवाई कित्येक दिवस तशीच राहते. एकदा सुई तपकिरी झाली की ती परत हिरवी होत नाही. म्हणून दर थोड्या दिवसांनी एखादं रोप ट्रेमधून अलगद उपसून मुळं बघायची. पांढरी, ताठ टोकं दिसली की समाधान मानायचं. मुळं काळपट असतील, साल हाताला निसटत असेल, तर पाणी जास्त होतंय.

आता बियाणं. रंगीत किंवा बुटके खास वाण बियांपासून जसेच्या तसे येत नाहीत, त्यांना छाटकलम (फांदीचा तुकडा रुजवणं) किंवा दुसऱ्या रोपावर कलम बांधणं हाच मार्ग. साध्या जातींचं बी मात्र जरूर लावा. पाइन, स्प्रूसच्या अनेक जातींना पेरणीआधी ओलसर थंडी लागते: 1 ते 5 अंश सेल्सिअस, जातीनुसार काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत. बी एक दिवस भिजवून, निथळून, ओलसर वाळूत मिसळून फ्रिजमध्ये ठेवायचं. ओलसर म्हणजे ओलसरच. पाणी साचलं तर बी कुजतं. पेरताना बियाच्या जाडीएवढंच, फार तर दुप्पट खोल.

खरी कसोटी उगवल्यानंतर लागते. बियाच्या टरफलाची टोपी डोक्यावर घेऊन रोपं वर येतात, ट्रे छान भरलेला दिसतो आणि एका सकाळी काही रोपं आडवी पडलेली असतात. मातीलगत देठ पाणीदार, चिमटीत दाबल्यासारखा बारीक झालेला असतो. ही रोपमर. पिथियम, रायझोक्टोनिया, फ्युझेरियम या रोगकारकांचं हे काम. त्यांना हवं असतं ते आपणच पुरवतो: सतत ओला पृष्ठभाग, दाटीची पेरणी, कोंदट हवा आणि लवकर दिलेलं नत्र. पडलेलं रोप कोणत्याही औषधानं उभं राहत नाही. ते आजूबाजूच्या मातीसकट काढून टाका आणि बाकीच्यांची हवा मोकळी करा. माझ्या मते या टप्प्यावर बुरशीनाशकाच्या बाटलीपेक्षा एक साधा पंखा जास्त कामाचा. बियांवर मातीऐवजी जाडसर वाळूचा पातळ थर द्या, म्हणजे देठाजवळ कोरडं राहतं. पाणी सकाळी. ट्रे धुतलेले, माध्यम (ट्रेमध्ये भरायचं मिश्रण) नवं. बियाची टोपी गळून खऱ्या सुया फुटेपर्यंत खत नको.

माध्यमाचा निचरा उत्तम हवा आणि सामू (pH) साधारण 5 ते 6. पाणी जड असेल तर सामू हळूहळू चढतो, लोह मिळेनासं होतं आणि शेंड्याकडच्या नव्या सुया पिवळ्या पडतात. पिवळेपणा खालच्या जुन्या सुयांपासून सुरू झाला असेल तर नत्राची कमतरता आहे का ते आधी पाहा. दोन्हीकडे डोळे झाकून एकच खत टाकू नका.

ट्रे जमिनीवर ठेवू नका, जाळीच्या मंचावर ठेवा. तळाच्या भोकातून बाहेर आलेलं मुळाचं टोक हवेत सुकतं आणि आत नवी मुळं फुटतात. गुळगुळीत गोल कुंडीत मुळं गोल गोल फिरत राहतात. तो वेढा पुढे मोठ्या झाडालाही सुटत नाही, आणि असं झाड वाऱ्यात कलंडू शकतं. म्हणून आतून उभे कंगोरे असलेले कप्पे घ्या, आणि मुळांनी कप्पा भरला की मोठ्या कुंडीत हलवा, लांबवू नका.

एक शेवटचं, कारण इथे चांगली रोपं उगाच फेकली जातात. पाइनच्या मुळांवर पांढरी, कापसासारखी बुरशी दिसली आणि मुळं ताठ असली, टोकं दोन फाट्यांची असली, तर घाबरू नका. ती मायकोरायझा, मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देणारी. धुवून काढू नका. उलट कुंडी बदलताना ती जुनी माती चिमूटभर नव्या माध्यमात मिसळा.