गोल उलगडत नाही

(नागपुरातील एका महाविद्यालयाच्या सभागृहात गणितप्रेमी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन.)

माझ्या पिशवीतून तीन मोसंबी, दोन संत्री आणि एक बऱ्यापैकी मोठी सुरी निघालेली पाहून दारावरच्या स्वयंसेवकाने मला काहीशा संशयानेच आत सोडले. आजच्या विषयाला खडू-फळ्याइतकीच या साहित्याची गरज आहे, हे मी त्याला सांगितले, पण ते त्याला फारसे पटलेले दिसले नाही. तुम्हाला तरी पटावे, असा माझा प्रयत्न राहील.

आपल्यापैकी प्रत्येकाने दहावीच्या महत्त्वमापनाच्या प्रकरणात दोन सूत्रे पाठ केलेली आहेत: गोलाचे पृष्ठफळ म्हणजे त्रिज्येच्या वर्गाची पायपट करून तिची चौपट, आणि घनफळ म्हणजे त्रिज्येच्या घनाची पायपट करून तिचे चार तृतीयांश. ही सूत्रे पन्नाशीतल्या माणसालाही आठवतात, परंतु पहिल्या सूत्रात नेमके चारच का आणि दुसऱ्यात खाली तीनच का, असे विचारले की उत्तरादाखल बहुधा हसूच मिळते. वृत्तचितीच्या बाबतीत हा प्रश्न पडत नाही, कारण डब्यावरचा कागद उभा कापून पसरला की समोर सरळ आयत दिसतो. शंकूची टोपी उलगडली की वर्तुळाची पाकळी मिळते. गोल मात्र उलगडत नाही. संत्र्याची साल टेबलावर सपाट दाबून पाहा, ती कडेला फाटेल किंवा मध्ये फुगेल. कितीही काळजी घेतली तरी तिचा सपाट कागद होणार नाही. म्हणून ज्यांनी ज्यांनी गोल मोजला, त्यांना तो कापावा लागला, आणि कापायचा कसा, यातच या विषयाचे सगळे मर्म आहे.

आधी एका चुकीबद्दल बोलू, कारण ती चूक फार मोठ्या माणसाची आहे. आर्यभटांनी इ. स. ४९९ मध्ये, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षी, ‘आर्यभटीय’ रचले. त्याच्या गणितपादात वर्तुळाचे क्षेत्रफळ अगदी अचूक दिले आहे: परिघाचा अर्धा गुणिले व्यासाचा अर्धा. त्याच श्लोकाच्या पुढच्या ओळीत गोलाचे घनफळ येते: वर्तुळाच्या क्षेत्रफळाला त्याच्याच वर्गमुळाने गुणावे. हे सूत्र चुकीचे आहे. त्यातून येणारे उत्तर खऱ्या उत्तरापेक्षा जवळजवळ एक तृतीयांशाने जास्त भरते. ही चूक कोठून आली असावी, याचा अंदाज करता येतो. चौरसाच्या क्षेत्रफळाला त्याच्या वर्गमुळाने गुणले की घनाचे घनफळ मिळते, तेव्हा चौरसाचे घनाशी जे नाते, तेच वर्तुळाचे गोलाशी असावे, असा तो तर्क दिसतो. तर्क देखणा आहे, पण घन हा एकावर एक सारख्याच चौरसांची चळत असतो, आणि गोलातील चकत्या वर-खाली जाताना लहान होत जातात, हा फरक त्यात निसटला. सर्वांत गंमत अशी, की या उत्तराला आर्यभटांनी ‘निरवशेष’ म्हटले आहे. म्हणजे काहीही शिल्लक न ठेवणारे, नेमके. ज्यांनी पायची किंमत चार दशांश स्थळांपर्यंत बरोबर दिली आणि तिला मात्र ‘आसन्न’, म्हणजे जवळपासची, म्हणण्याचा काटेकोरपणा दाखवला, त्यांनीच इथे हा शब्द वापरावा, याचे मला आजही नवल वाटते. पुढे श्रीधराचार्यांनी व्यासाच्या घनाचा अर्धा घेऊन त्यात त्याचाच अठरावा भाग मिळवावा, असा नियम दिला, आणि त्यातली चूक एका टक्क्याच्याही आत आहे.

आता भास्कराचार्यांकडे येऊ. त्यांचा जन्म १११४ चा. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचा शिलालेख आहे, त्यामुळे हा माणूस आपल्याच प्रदेशातला, असे म्हणायला हरकत नाही. ‘लीलावती’मध्ये त्यांनी एकाच श्लोकात तिन्ही सूत्रे बसवली आहेत. परिघाला व्यासाच्या चौथ्या हिश्शाने गुणले की वर्तुळाचे क्षेत्रफळ मिळते, त्याची चौपट म्हणजे गोलाचे पृष्ठफळ, आणि पृष्ठफळाला व्यासाने गुणून सहाने भागले की गोलाच्या पोटातले घनफळ. पृष्ठफळासाठी त्यांनी जी उपमा वापरली आहे ती मला या विषयातली सर्वांत सुंदर ओळ वाटते: ‘कन्दुकस्येव जालम्’, चेंडूभोवतीच्या जाळीसारखे. चेंडूला विणलेली जाळी घातली, तर त्या जाळीचे जितके क्षेत्र, तितके गोलाचे पृष्ठफळ.

पण हे चार कोठून आले, याचे उत्तर लीलावतीत नाही. ते ‘सिद्धान्तशिरोमणी’च्या गोलाध्यायात आणि त्यावर त्यांनी स्वतःच लिहिलेल्या वासनाभाष्यात आहे. तिथे ते आधी लल्लाचार्यांचे खंडन करतात, कारण लल्लांनी वर्तुळाच्या क्षेत्रफळाला परिघाने गुणायला सांगितले होते, आणि क्षेत्राला लांबीने गुणून पुन्हा क्षेत्र मिळणे शक्य नाही. मग ते मातीचा किंवा लाकडाचा गोल घेऊन त्याच्यावर उभ्या रेषा आखायला सांगतात, आवळ्यावर निसर्गतःच असतात तशा. भास्कराचार्य नागपुरात राहते, तर त्यांनी आवळ्याऐवजी संत्र्याची उपमा दिली असती, असा माझा दावा आहे, कारण संत्रे सोलले की आतल्या फोडींच्या पाठी म्हणजे याच उभ्या पट्ट्या.

त्यांचा हिशेब असा. गोलाचा परीघ ९६ एकके माना आणि पृष्ठभागाच्या ९६ उभ्या पट्ट्या करा. प्रत्येक पट्टी पोटाशी, म्हणजे गोलाच्या मध्यावर, एक एकक रुंद असेल आणि दोन्ही टोकांकडे निमुळती होत शून्यावर येईल. टोकापासून मध्यापर्यंतची वक्र लांबी चोवीस एकके. आता प्रत्येक एककावर आडवी रेघ मारली, की पट्टीचे लहान लहान तुकडे पडतात आणि हे तुकडे इतके लहान असतात, की त्यांना सपाट समलंब चौकोन मानले तरी फारसे बिघडत नाही. आणि प्रत्येक आडव्या रेघेची रुंदी त्या ठिकाणच्या ज्येच्या, म्हणजे आजच्या भाषेत साइनच्या, प्रमाणात असते. ज्योतिषाच्या कोष्टकात त्या काळी नेमक्या चोवीसच ज्या असत, प्रत्येक पावणेचार अंशांना एक. म्हणजे लागणारे सगळे आकडे हाताशी तयार होते. सगळ्या ज्यांची बेरीज करा, त्यातून त्रिज्येचा अर्धा वजा करा आणि उरलेल्याला त्रिज्येच्या अर्ध्याने भागा. एका पट्टीचे क्षेत्रफळ मिळाले. ते येते ३० पूर्णांक ३३ कला, कला म्हणजे एककाचा साठावा भाग. आणि परीघ ९६ असेल, तर व्यास किती? तोही ३० पूर्णांक ३३ कला. म्हणजे एका पट्टीचे क्षेत्र व्यासाइतके, आणि पट्ट्या परिघाइतक्या. तेव्हा गोलाचे पृष्ठफळ म्हणजे परीघ गुणिले व्यास. वर्तुळाचे क्षेत्रफळ परीघ गुणिले व्यासाचा चौथा हिस्सा असल्याने, ते चार आपोआप बाहेर पडले.

मी काल हे गणकयंत्रावर करून पाहिले. पट्टीचे क्षेत्रफळ ३०.५४६ आले आणि व्यास ३०.५५८; फरक हजारात अर्ध्याहूनही कमी. काटेकोरपणे बोलायचे तर ही सिद्धता नव्हे, कारण चोवीस तुकड्यांच्या जागी चोवीस हजार घेतले तर फरक नाहीसाच होतो, हे इथे दाखवलेले नाही. ते काम पुढे सोळाव्या शतकात केरळमधील ज्येष्ठदेवांच्या मल्याळम ‘युक्तिभाषा’ने केले. पण बेरजेचा विचार हाच होता.

पृष्ठफळावरून घनफळाकडे जाण्याची भास्कराचार्यांची वाट तर तोंडी सांगण्याइतकी सोपी आहे. पृष्ठभागाचे एकेक एककाचे चौकोनी तुकडे कल्पा आणि प्रत्येक तुकड्यापासून गोलाच्या केंद्रापर्यंत जाणारी सुईसारखी निमुळती रचना कल्पा. अशा प्रत्येक सुईचे घनफळ म्हणजे पायाचे क्षेत्रफळ गुणिले उंचीचा एक तृतीयांश, आणि उंची सर्वांची एकच, त्रिज्येइतकी. सगळ्या सुयांची बेरीज केली की गोलाचे घनफळ म्हणजे पृष्ठफळ गुणिले त्रिज्येचा एक तृतीयांश. सूत्रातले खालचे तीन हे या सुयांचे तीन आहेत.

याचाच पडताळा सालीवरून घेता येतो. समजा साल त्रिज्येच्या एक दशांश जाड आहे. सात सेंटिमीटर व्यासाच्या संत्र्याला साडेतीन मिलिमीटर, म्हणजे अगदी अशक्य नाही. मग आतला गर संपूर्ण फळाच्या ०.९ चा घन, म्हणजे ७२.९ टक्के, आणि साल २७.१ टक्के. कळमन्याच्या बाजारात घासाघीस करून घेतलेल्या संत्र्याच्या आकारमानाचा चौथ्याहून जास्त हिस्सा आपण कचऱ्यात टाकतो, ही गोष्ट मी घरी सांगितल्यापासून आमच्याकडे साल वाळवून ठेवली जाते. ते असो. साल दहापट पातळ, म्हणजे त्रिज्येच्या शतांशाइतकी करा. तिचा वाटा २.९७ टक्के होतो. आणखी दहापट पातळ केली तर ०.२९९७ टक्के. जाडीच्या शेकड्याच्या तिप्पट, असे ते प्रमाण तीनकडे सरकत जाते, आणि पातळ सालीचे आकारमान म्हणजे पृष्ठफळ गुणिले जाडी असल्यामुळे, पृष्ठफळ गुणिले त्रिज्या म्हणजे घनफळाची तिप्पट, हेच पुन्हा समोर येते.

पृष्ठफळ माहीत नसतानाही घनफळ काढता येते. त्यासाठी उभ्या पट्ट्या सोडून आडव्या चकत्या कराव्या लागतात. अर्धगोल टेबलावर पालथा ठेवा आणि त्याच्याशेजारी त्याच त्रिज्येची, त्रिज्येइतक्याच उंचीची वृत्तचिती ठेवा, जिच्यातून टोक खाली असलेला शंकू कोरून काढला आहे. कोणत्याही उंचीवर दोघांना आडवे कापा. अर्धगोलाच्या चकतीच्या त्रिज्येचा वर्ग, पायथागोरसच्या नियमाने, मूळ त्रिज्येचा वर्ग वजा उंचीचा वर्ग असतो. आणि शेजारच्या कड्याचे क्षेत्रही तेवढेच भरते, कारण त्या उंचीवर शंकूची त्रिज्या उंचीइतकीच असते. प्रत्येक चकती सारखी, म्हणून घनफळही सारखे: वृत्तचितीतून तिचा एक तृतीयांश गेला, उरले दोन तृतीयांश. आर्किमिडीजने हेच प्रमाण सिद्ध केले आणि पृष्ठफळालाही तेच लागू पडते, हेही दाखवले. गोलाला घट्ट बसणारी वृत्तचिती, तिचे वरचे-खालचे झाकण धरून, गोलाच्या दीडपट असते, घनफळानेही आणि पृष्ठफळानेही. त्याच्या समाधीवर गोल आणि वृत्तचिती कोरलेली होती, आणि त्याच खुणेवरून सिसेरोने इ. स. पूर्व ७५ मध्ये सिसिलीत झुडपांत हरवलेली ती समाधी ओळखली. चीनमध्ये तिसऱ्या शतकातील गणिती ल्यू हुई गोलाचे घनफळ शोधताना एकमेकांना काटकोनात छेदणाऱ्या दोन वृत्तचितींच्या सामाईक भागापर्यंत पोहोचला, त्याचे घनफळ मात्र त्याला निघाले नाही, आणि ज्याला जमेल त्याने सांगावे, असे त्याने मोकळेपणाने लिहून ठेवले. ते दोनेकशे वर्षांनी त्सू कंग याने सांगितले. अडलेली जागा झाकून न ठेवणारा ल्यू हुई मला त्या ‘निरवशेष’च्या शेजारी ठेवून पाहावासा वाटतो.

आता सुरी. ही मोसंबी मी सारख्या जाडीच्या पाच आडव्या चकत्यांत कापतो. टोकाच्या चकतीत जवळजवळ सालच आहे, मधल्या चकतीत भरपूर गर आहे आणि सालीचे फक्त कडे. बाहेरची साल कोणत्या चकतीला जास्त? हात वर करणाऱ्या बहुतेकांनी मधलीला कौल दिला आहे. उत्तर आहे, सर्वांना सारखीच. टोकाकडे जाताना चकतीचा घेर ज्या प्रमाणात कमी होतो, त्याच प्रमाणात सालीचा उतार तिरपा होऊन पट्टी रुंद होत जाते, आणि एकीकडची घट दुसरीकडच्या वाढीने तंतोतंत भरून निघते. म्हणून गोलाचे पृष्ठफळ हे त्याला वेढणाऱ्या वृत्तचितीच्या वक्रपृष्ठाइतकेच असते, आणि ती वृत्तचिती तर डब्याच्या कागदासारखी उलगडते. जो गोल स्वतः उलगडत नाही, त्याचे क्षेत्र उलगडणाऱ्या आकारात असे जसेच्या तसे सापडते.

ज्यांना हे मोठ्या आकारात अनुभवायचे असेल त्यांनी दीक्षाभूमीच्या पोकळ स्तूपात उभे राहून वर पाहावे. हिशेबापुरता तो घुमट १२० फूट व्यासाचा नेमका अर्धगोल मानला, तर पायाखालचे वर्तुळ सुमारे ११,३१० चौरस फूट आणि डोक्यावरचे छत त्याच्या बरोबर दुप्पट, २२,६२० चौरस फूट. इतक्या फरकाचा डोळ्यांना अंदाज येत नाही. निदान मला तरी आला नव्हता.

शेवटी पहिल्या रांगेतल्या काकांनी विचारलेला प्रश्न घेतो, कारण त्यांनी माझी अडचण बरोबर पकडली आहे. चकत्या करायला मी मोसंबी घेतली, संत्रे नाही, आणि याचे कारण त्यांच्या लक्षात आले आहे: नागपुरी संत्रे गोल नसतेच, ते वर-खाली चपटे असते. सात सेंटिमीटर रुंद आणि सहा सेंटिमीटर उंच संत्र्याचे घनफळ काढणे सोपे आहे. गोल उभ्या दिशेने एकसारखा दाबला की प्रत्येक चकतीची जाडी त्याच प्रमाणात कमी होते, म्हणून त्रिज्येच्या घनाऐवजी साडेतीनचा वर्ग गुणिले तीन घ्यायचा. उत्तर सुमारे १५४ घन सेंटिमीटर. पृष्ठफळ मात्र असे दाबता येत नाही, कारण सालीचा उतार प्रत्येक ठिकाणी वेगळ्या प्रमाणात बदलतो. सारख्या चकत्यांना सारखी साल हा नियम इथे मोडतो, आणि नेमक्या सूत्रात लॉगरिथम शिरतो. त्या सूत्राने साल सुमारे १४० चौरस सेंटिमीटर येते. पण भास्कराचार्यांची रीत इथेही चालते. देठापासून बुडापर्यंत एका फोडीवरची साल उभी कापून घ्या, तिच्यावर अर्ध्या अर्ध्या सेंटिमीटरवर आडव्या रेघा मारा, प्रत्येक रेघेची लांबी दोऱ्याने मोजा, बेरीज करून अर्ध्याने गुणा आणि फोडी जितक्या तितकी पट करा. फोडी सारख्या आकाराच्या नसतात, तेव्हा दोन-तीन फोडींवर मोजून सरासरी घेतलेली बरी. ही दोन संत्री त्यासाठीच आणली आहेत. दोरा आणि फूटपट्टी टेबलावर आहे.