ऑनलाइन खरेदी : दुकानाला किती सांगायचं?

नमस्कार मंडळी. ऑनलाइन खरेदी सुरक्षित कशी करायची असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘वर, पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय ना, मग खुशाल कार्ड नंबर टाका.’ त्या कुलपावर नको तितका भरवसा टाकला जातो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

कुलूप, म्हणजे एचटीटीपीएस, एवढीच हमी देतं की तुमच्या ब्राउझरपासून समोरच्या सर्व्हरपर्यंत, म्हणजे साइट जिथून चालते त्या संगणकापर्यंत, माहिती कूटबद्ध होऊन जाते. वाटेत ती कुणाला वाचता येत नाही. पण तो सर्व्हर कुणाचा, याबद्दल कुलूप अवाक्षर काढत नाही. सीलबंद पाकीट थेट चोराच्या घरी पोचलं तरी सील शाबूतच असतं. ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा २०१५ पासून यासाठी लागणारं प्रमाणपत्र फुकट देते, आणि ते देताना मागणाऱ्याच्या ताब्यात ते डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, आहे का, इतकंच तपासलं जातं. साहजिकच नकली दुकानालाही ते मिळतं. लोक कुलपाचा अर्थ ‘साइट खात्रीची आहे’ असा लावतात हे पाहून गूगलने २०२३ मध्ये क्रोममधून ते चिन्हच हटवलं.

मग बघायचं काय? डोमेन. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा, त्यापुढची पहिली तिरपी रेघ गाठा आणि तिथून उलटं, उजवीकडून डावीकडे वाचा. समजा खरं दुकान ‘दुकान डॉट कॉम’ आहे. तर ‘ऑफर डॉट दुकान डॉट कॉम’ हेही त्याचंच. पण ‘दुकान डॉट कॉम डॉट ऑफर डॉट शॉप’ असेल तर मालक ‘ऑफर डॉट शॉप’वाला, आधीचं सगळं नुसती सजावट. मध्ये आडवी रेघ घालून केलेलं ‘दुकान-ऑफर डॉट कॉम’ हे पूर्णपणे वेगळं नाव आहे, ते कुणीही विकत घेऊ शकतं. फोनवर पत्ता अर्धवट दिसतो, तेव्हा त्यावर बोट ठेवून पूर्ण उघडा.

त्यातही रशियन लिपीतली काही अक्षरं रोमन अक्षरांसारखी हुबेहूब दिसतात, तिथे डोळे हमखास फसतात. पासवर्ड मॅनेजर, म्हणजे पासवर्ड साठवून ते आपणहून भरणारं अॅप, फसत नाही, कारण तो दिसण्यावर जात नाही. साठवलेलं डोमेन तंतोतंत जुळलं तरच पासवर्ड भरतो. एरवी आपणहून भरणारा मॅनेजर एके दिवशी गप्प बसला, तर वैतागून हाताने पासवर्ड टाकू नका. आधी पत्ता पुन्हा वाचा.

आता खरी अडचण. पत्ता अस्सल, कुलूप अस्सल, आणि तरीही माहिती जाते. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावर हेच झालं. पानावर आधीपासून असलेल्या एका जावास्क्रिप्ट फाइलमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, हल्लेखोरांनी अवघ्या २२ ओळी घुसवल्या. ग्राहकाने पैसे भरण्याचं बटण दाबलं की फॉर्ममधला मजकूर कंपनीकडे जायचाच, शिवाय त्याची एक प्रत कंपनीच्या नावाशी मिळत्याजुळत्या दुसऱ्या डोमेनकडे जायची. त्या डोमेनलाही रीतसर प्रमाणपत्र होतं! हा प्रकार सुमारे दोन आठवडे चालला. पुढे २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्त कार्यालयाने कंपनीला २ कोटी पौंडांचा दंड केला. यात ग्राहकाचं काय चुकलं? काहीच नाही. म्हणूनच माझा सगळा भर एका गोष्टीवर आहे : दुकान कितीही नावाजलेलं असो, तिथे माहिती कमीत कमी ठेवा. जे दिलंच नाही ते तिथून चोरीला जात नाही.

कार्डापासून सुरू करू. कार्ड उद्योगाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे व्यवहार मंजूर झाल्यावर दुकानाला सीव्हीव्ही, म्हणजे कार्डावरचा छोटा सुरक्षा क्रमांक, साठवता येत नाही. नियम चांगला आहे, पण वर सांगितलेली चोरी टाइप करतानाच होते, तिथे तो उपयोगी पडत नाही. त्यापेक्षा खरा नंबर टाइपच करावा लागू नये हे उत्तम. फोनमधल्या पेमेंट वॉलेटमधून पैसे दिले तर दुकानाकडे सहसा मूळ नंबर न जाता टोकन, म्हणजे त्याच्याऐवजी वापरायचा बदली क्रमांक, जातं. काही बँका आभासी कार्ड, म्हणजे प्लास्टिकशिवाय नुसता वेगळा कार्ड नंबर, देतात. त्याला खरेदीपुरती मर्यादा घाला आणि काम झालं की बंद करा. हे दोन्ही नसेल तर निदान कमी मर्यादेचं एक कार्ड ऑनलाइन खरेदीसाठी वेगळं ठेवा. सगळी बचत ज्या खात्यात आहे, त्याचं डेबिट कार्ड मात्र नको.

मग फॉर्म. तारांकित रकानेच भरा. बूट विकणाऱ्याला जन्मतारखेशी काय करायचंय? वाढदिवसाच्या सवलतीपोटी ती दिली जाते, आणि नंतर ओळख पटवण्याच्या प्रश्नांत तीच विचारली जाते. एकदाच खरेदी करायची असेल तर खातं न उघडता ‘गेस्ट’ म्हणून करा. साठवलेली माहिती आपोआप भरणाऱ्या ब्राउझरच्या ऑटोफिलबद्दलही सावध राहा. पानावर नाव आणि ईमेल असे दोनच रकाने दिसत असले तरी पत्ता आणि फोनचे रकाने नजरेआड लपवलेले असू शकतात, आणि ऑटोफिल तेही भरू शकतं. अनोळखी साइटवर हातानेच भरलेलं बरं.

ईमेलसाठी एक सोपी युक्ती. जीमेलमध्ये आपल्या नावापुढे अधिक चिन्ह आणि दुकानाचं नाव लिहिलं तरी पत्र तुमच्याच खात्यात येतं. उद्या त्या पत्त्यावर भलत्याचीच जाहिरात आली तर माहिती कुठून फुटली ते कळतं. मात्र अधिक चिन्हापुढचा भाग कुणीही कापू शकतो, त्यामुळे टोपण पत्ते देणारी वेगळी सेवा याहून सरस.

पार्सलवरच्या लेबलाकडे सहसा कुणी बघत नाही. नाव, पत्ता, कित्येकदा फोन, आणि खोका जातो कचऱ्यात. ही लेबलं बहुधा थर्मल कागदाची असतात. वरून पेन फिरवलं तर खालची अक्षरं तिरकं धरल्यावर वाचता येऊ शकतात. लेबल सोलून फाडा, किंवा उष्णता द्या, अख्खा कागद काळा पडतो. वस्तूचा फोटो टाकून अभिप्राय देतानाही मागे बिल दिसत नाही ना, ते पाहा.

चिठ्ठीवर प्रश्न आलाय : सार्वजनिक वायफायवर खरेदी करावी का? एचटीटीपीएस असताना धोका सांगतात तितका मोठा नाही. जोडणी होताना कार्ड नंबर किंवा ईमेलचा पासवर्ड मागणारं पान आलं तर मात्र तिथून निघा.

दुसरा प्रश्न : माहिती फुटल्याचं कळलं तर आधी काय करायचं? कार्ड बंद करा, बँकेच्या अॅपमधून किंवा कार्डामागच्या नंबरवर फोन करून. कस्टमर केअरचा नंबर सर्च करून शोधू नका, तिथे नकली नंबर पेरलेले असतात. मग पासवर्ड. त्या दुकानाचाच पासवर्ड ईमेललाही असेल तर ईमेलचा आधी बदला, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. पुढचे काही आठवडे ‘तुमचं पार्सल अडलंय, किरकोळ शुल्क भरा’ असे मेसेज येतील, आणि त्यात तुमचं नाव-पत्ता बरोबर असेल. शुल्क हे निमित्त. हवा असतो तो नवा कार्ड नंबर. बँकेचे अलर्ट अगदी लहान रकमेलाही येतील असे लावून ठेवा. चोरलेलं कार्ड चालतं का, हे आधी क्षुल्लक रकमेचा व्यवहार करून पाहतात, आणि अलर्टची मर्यादा मोठी ठेवली असेल तर नेमका तोच तुमच्या नजरेतून सुटतो.