काटा ३७८ मीटरवर

या जुन्या रेडिओची ही काच बघा. सेट व्हॉल्व्हचा, मागचं पुठ्ठ्याचं झाकण कधीच गेलंय, पण डायलची काच शाबूत आहे आणि तिच्यावरचे आकडे जरा नीट वाचा, २००, २५०, ३००, ४००, ५००. ही मीडियम वेव्हची पट्टी. हे किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला किती हजार लहरी, ते नाहीत, मीटर आहेत, म्हणजे एका लहरीची लांबी. खालच्या पट्टीवर शॉर्टवेव्ह, तिथेही १९, २५, ३१, ४१, ४९, सगळे मीटरच.

ज्यांच्या घरी सकाळी रेडिओ लागायचा त्यांच्या कानात ते अजून असेल, निवेदक केंद्राचं नाव घ्यायचे आणि मग अमुक मीटर अर्थात अमुक किलोहर्ट्झ. एकच ठिकाण दोनदा कशाला सांगतात हे कोणी कधी विचारलं नाही.

आता हा सेट दुरुस्त करणाऱ्या काकांचं टेबल. त्या राखाडी पेटीला ते नुसतं जनरेटर म्हणतात, म्हणजे सिग्नल जनरेटर, हवा तो सिग्नल आपला आपण तयार करायचा आणि सेटला पाजायचा. गोची अशी की पेटीवर आकडे किलोहर्ट्झचे आणि सेटवर मीटरचे. म्हणून पेटीला चिकटवलेला हा पिवळा पडलेला कागद, पेन्सिलीने लिहिलेला. ६०० किलोहर्ट्झ समोर ५०० मीटर. ७५० समोर ४००. १००० समोर ३००. १५०० समोर २००. कुठलीही जोडी घ्या, गुणाकार येतो ३ लाख.

हे ३ लाख म्हणजे प्रकाशाचा वेग, सेकंदाला ३ लाख किलोमीटर. रेडिओची लहर त्याच वेगाने पळते. मग एका सेकंदात लहरी जास्त बसवायच्या तर प्रत्येक लहर आखूड हवी, दुसरा इलाजच नाही. दुकानाबाहेर हे आजोबा आणि त्यांचा नातू चाललेत, हा शॉट आम्ही सहज घेतला होता पण एडिटिंगला बसल्यावर लक्षात आलं की अरे, हेच तर आहे. दोघं बरोबर चालतायत, वेग एकच, आजोबांचं एक पाऊल होतंय तेवढ्यात नातवाची दोन पडतायत.

पुणे केंद्राची मीडियम वेव्ह ७९२ किलोहर्ट्झ. ३ लाख भागिले ७९२, उत्तर ३७८.८ मीटर. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८, ती येते ५३७.६ मीटरवर. मेगाहर्ट्झ, म्हणजे हजार किलोहर्ट्झ, असेल तर ३ लाखाऐवजी नुसत्या ३०० ला भागायचं, इथे भलेभले शून्यं चुकवतात. तसं काटेकोर बोलायचं तर वेग २,९९,७९२ किलोमीटर आणि थोडा वर, पण त्याने पुण्याच्या लहरीत फरक पडतो पाव मीटरचा, तेवढा तर डायलवरच्या काट्याच्या जाडीत मावतो.

गंमत म्हणून ७९२ चे अंक मिळवा, १८. ५५८ चे पण १८. आपल्याकडचं मीडियम वेव्हचं कुठलंही केंद्र घ्या, त्याला ९ ने भाग जातो, कारण नोव्हेंबर १९७८ पासून या बँडवर केंद्रं ९-९ किलोहर्ट्झच्या अंतराने, ९ च्याच पटीत बसवली. हा सेट त्याच्याही आधीचा. केंद्रांचे आकडे सरकले, काच तीच राहिली.

आता जवळून बघा, हा गँग, म्हणजे केंद्र निवडणारा फिरता कपॅसिटर. नॉब फिरवला की ही अर्धगोल पानं त्या दुसऱ्या पानांमध्ये शिरतात, एकमेकांना न टेकता. पूर्ण आत गेली की कपॅसिटी, म्हणजे वीज साठवायची क्षमता, सगळ्यात जास्त, फ्रिक्वेन्सी सगळ्यात कमी, म्हणजे लहर सगळ्यात लांब आणि काटा ५०० च्याही पुढे. बाहेर काढली की काटा २०० कडे धावतो. काका दोन्ही टोकं जुळवतात. त्यासाठी सेटमध्ये दोन छोटे जुळवणीचे कपॅसिटर आहेत, पॅडर आणि ट्रिमर. आधी जनरेटर ६०० वर ठेवून पॅडर फिरवायचा, आवाज बरोबर ५०० मीटरच्या खुणेवर आला पाहिजे. मग १५०० वर ट्रिमर, आवाज २०० वर. आणि परत पहिल्यापासून, कारण एक टोक जुळवलं की दुसरं हलतं. त्या दिवशी चार फेऱ्या झाल्या, तुम्हाला आम्ही दोनच दाखवतोय.

एफएमचं गणित तर या छोट्या रेडिओच्या एरियलमध्येच आहे. १०० मेगाहर्ट्झ म्हणजे ३ मीटरची लहर, तिचा पाव भाग ७५ सेंटिमीटर. दांडी पूर्ण ओढून टेप लावा, साधारण तेवढीच भरेल. पुण्याच्या मीडियम वेव्हला याच हिशोबाने पाव लहरीची दांडी करायची झाली तर ९५ मीटरची होईल, म्हणून या सेटच्या एरियलला पत्र्यावरून नेलेली ही लांबलचक तार.

बाकी, आकाशवाणीचे बरेच मीडियम वेव्ह ट्रान्समीटर गेल्या काही वर्षांत बंद झाले.

चौथ्या फेरीनंतर दोन्ही टोकं जुळली तरी काटा केसभर डावीकडे दिसत होता. काकांनी तो, नॉबबरोबर त्याला ओढणाऱ्या दोरीवर, नखाने सरकवला, जनरेटर ७९२ वर नेला, काटा ३७८ च्या आसपास थांबला. मग ड्रॉवरमधून लाल नेलपॉलिश काढलं आणि काटा जिथे दोरीला धरतो तिथे एक थेंब. वाळेपर्यंत कोणी नॉबला हात लावायचा नाही, असं आम्हाला दोनदा बजावलं.