कमाटीबागेतली एक फेरी

(बडोदा. पहाट. विश्वामित्री नदीवरचा पूल, मग बागेचं फाटक.)

निवेदन:
साडेसहा वाजलेत. फाटकाशी चहावाला विचारतो, "केम मासी, आजे मोडां?" म्हणजे, आज उशीर? मावशी नुसत्या हसतात. दांडिया बाजारातलं घर, पायात मळके कॅनव्हासचे बूट आणि तीन दिवस अडून बसलेला एक प्रश्न: यंदा गौरीपुढे रांगोळीत काय काढायचं?

सयाजीराव महाराजांनी 1879 मध्ये लोकांसाठी खुली केलेली ही बाग. फलकावर सयाजीबाग, बोलण्यात कमाटीबाग. मावशी रमतगमत चालतात. घाम गाळायला येणाऱ्यांची जमात वेगळी. बॅन्डस्टॅन्डपाशी त्या थबकतात, पर्समधून दुधाचं बिल काढतात आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक वेल ओढतात.

सुचलं!

स्टॅनफर्ड विद्यापीठात मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी हेच तपासलं. रोजच्या वस्तूचे निराळे उपयोग सांगा, असं लोकांना बसवून आणि चालवून विचारलं. 2014 साली निष्कर्ष छापून आला: चालताना कल्पकता सरासरी 60 टक्क्यांनी वाढली. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला. म्हणजे श्रेय पायांचं. कमाटीबागेने रागावू नये. चालून आल्यावर खुर्चीत बसलं, तरी असर थोडा वेळ टिकला. मात्र तीन शब्दांना जोडणारा नेमका एकच शब्द शोधताना चालणारे किंचित मागे पडले. घरचा हिशेब मावशी टेबलाशी बसूनच करतात, ते बरंच आहे.

(घराची ओसरी. गेरूने सारवलेली फरशी.)

आता पाय थांबलेत, हात निघालाय. मुठीत रंग, पाचही बोटांच्या फटींतून एकदम सुटणाऱ्या रेघा. मनगट स्थिर, वळण येतं ते खांद्यातून.

मानसशास्त्रज्ञ मायकल स्लेपियन आणि मूळच्या भारतीय नलिनी अंबाडी यांनी 2012 मध्ये अशाच हाताकडे पाहिलं होतं. काहींना गोलाईदार रेघा गिरवायला दिल्या, काहींना कोनदार. त्यानंतर नव्या कल्पना काढण्यात गोलाई गिरवणारे सरस ठरले. हाताची एवढीशी हालचाल, तीही पुरली.

बिलावरची वेल फरशीवर येता येता जरा जास्तच वळते. मावशी मागे सरकून बघतात. वेल कसली, मान झालीय.

"मोर नव्हता काढायचा," त्या म्हणतात, आणि निळ्या रंगाचा डबा जवळ ओढतात.