एका ‘ज’चा फरक

[ठाण्यातला नौपाडा, सकाळ. जुन्या इमारतीतलं घर. टेबलावर डिस्चार्जची फाइल.]

गोखले रोडचा गोंगाट नको म्हणून खिडकी लावून घेतली आहे. महिन्यापूर्वीपर्यंत आजी रोज तलावपाळीला फेरी मारायच्या. काल हॉस्पिटलमधून घरी आल्या.

फाइलवर लिहिलंय, राइट हेमिपॅरेसिस. घरचे अर्धांगवायू म्हणतात, शेजारच्या काकू लकवा. फाइल मात्र थोडं आशेचं बोलते आहे. अंग पूर्ण लुळं पडलं तर ‘प्लेजिया’. ताकद गेली पण हालचाल उरली, तर ‘पॅरेसिस’. आजींची बोटं हलतात. आणि ‘हेमि’ म्हणजे अर्धा. संस्कृतातला ‘सामि’ त्याचाच भाऊबंद.

[सूनबाई चहाचा कप घेऊन येतात.]

हा कप जरा थांबवू या.

खालच्या ओळीत दोन शब्द आहेत, मराठी कानाला अगदी जुळे: डिस्फेझिया आणि डिस्फेजिया. एकात ‘जरा’मधला ज, दुसऱ्यात ‘जीभ’मधला. लिहिताना तर पुष्कळदा दोन्ही एकच होतात.

पहिला बोलण्याचा. काय म्हणायचंय ते ठाऊक असतं, शब्द सापडत नाही. पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांचा एक रुग्ण जवळपास प्रत्येक प्रश्नाला ‘टॅन’ एवढंच म्हणायचा. 1861 साली तो वारला, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा सापडली. उजव्या अंगाचा ताबा मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतो; आजींचाही मेंदू डावीकडेच दुखावला आहे.

दुसरा गिळण्याचा. यात भीती असते ती साध्या पाण्याची, चहाची. पातळ घोट झरकन घसरतो, श्वासनलिका मिटायच्या आत तिच्यात शिरतो, आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. म्हणून पातळ पदार्थ घट्ट करून द्यायला सांगतात.

[गोळ्यांची डबी.]

‘पातळ’ इथेही आहे. ‘रक्त पातळ करायची गोळी’, असं सगळेच म्हणतात. पण अ‍ॅस्पिरिनने रक्ताचं काही वरण होत नाही. प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी बांधणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटायच्या कमी होतात, एवढंच. प्लेटलेटला केंद्रक नसतं. गोळीने एकदा बंद पाडलेलं, चिकटायला लागणारं विकर (एन्झाइम) तिला पुन्हा बनवता येत नाही. नव्या प्लेटलेट येईपर्यंत, म्हणजे 7 ते 10 दिवस, परिणाम राहतो. उद्या दात काढायचाय म्हणून आजची गोळी चुकवली, तर काहीच साधत नाही. परस्पर बंदच केली, तर पुन्हा गुठळीची भीती.

[सूनबाई घट्ट केलेला चहा चमच्याने भरवतात. आजी गिळतात. नाक मुरडतात.]

‘सा... साखर.’