रात्रीची बडबड, दिवसाची झापड

बेळगावचं उद्यमबाग. पहिल्या पाळीचे कामगार फौंड्रीच्या, म्हणजे धातू ओतायच्या कारखान्याच्या, गेटातून आत शिरताहेत. त्यातले एक साचे करतात. बाकड्यावर टेकले की यांचे डोळे मिटतात. ‘‘रात्रभर झोपतोय, तरी झोपल्यासारखं वाटतच नाही बघा.’’

शहापुरातल्या घरी त्यांच्या बायकोची तक्रार वेगळी. ‘‘मध्यरात्र उलटली की ह्यांचं सुरू. ‘ओत, ओत, थांब!’ मधेच कानडीत कुणाला तरी दम देतात.’’ सासूबाईंनी मीठ-मिरच्यांनी दृष्टही काढली.

झोपेत बोलणं हा काही दुर्मीळ प्रकार नाही. लहान मुलांत तर नेहमीचाच. ताण, ताप, दारू, बदलत्या पाळ्यांमुळे झालेलं जागरण यांनी ते वाढतं. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. नुसत्या बडबडीला बहुधा औषधही लागत नाही. घरात चर्चा मात्र तिचीच होते, आणि दिवसभराचा थकवा ‘वय झालं’ म्हणून सोडून दिला जातो. खरं तर डॉक्टरकडे जायचं ते थकव्यासाठी.

डॉक्टरांना धागा सापडला तो बायकोच्या एका वाक्यात. ‘‘घोरता घोरता एकदम गप्प होतात, मग दचकून श्वास घेतात.’’

हा स्लीप अॅप्निया असू शकतो. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासाची वाट बंद होते. श्वास 10 सेकंद किंवा त्याहून जास्त अडतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि मेंदू माणसाला अर्धवट जागं करतो. अशा अर्धवट जागेपणीही तोंडातून शब्द निघतात. श्वास अडण्याचे, मंदावण्याचे असे प्रसंग तासाला 30 च्या वर गेले तर आजार तीव्र समजतात. झोपणाऱ्याला याचा पत्ताच नसतो. म्हणून तपासणीला जाताना शेजारी झोपणाऱ्यालाही न्यावं, जमल्यास मोबाइलवर आवाज टिपून न्यावा.

रात्रभराच्या स्लीप स्टडीत मेंदूच्या लहरी, श्वास, ऑक्सिजन सगळं नोंदलं जातं. उपचार म्हणून सीपॅप यंत्र देतात; झोपताना लावायचा त्याचा मास्क हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवतो. रक्तक्षय आणि थायरॉईडचीही तपासणी हवी, कारण थकवा त्यांनीही येतो. पन्नाशीनंतर कुणी स्वप्नात ओरडत हातपाय झाडू लागलं, तर मेंदूविकारतज्ज्ञ गाठावा. आणि डोळ्यांवर झापड असताना पुणे-बेंगळुरू हायवेवर गाडी घालू नये.

जाता जाता आम्ही वहिनींना विचारलं, झोपेत गुपितं फुटतात का?

‘‘कसली गुपितं ओ! पगार किती आला, ते जागेपणी सांगत नाहीत, झोपेत कुठलं सांगायला!’’