आमचा मुको

श्रोतेहो, नमस्कार.

कुत्रं पाळायचं मनात असेल तर विकत आणू नका, शेल्टरमधून, म्हणजे बेवारशी कुत्री सांभाळतात तिथून आणा. आणि तिथूनही पिल्लू नको, मोठं आणा. वर्ष-दोन वर्षांचं. पिल्लू सगळ्यांनाच हवं असतं, पण ते पुढे केवढं होईल, कोंबड्यांच्या मागे लागेल की काय, कुणी सांगावं? मोठं कुत्रं जसं आहे तसं समोर उभं असतं. हल्ली आमच्या सिंधुदुर्गातसुद्धा लोक बर्फातली झुपकेदार कुत्री आणतात. मे महिन्यात आपण उघड्या अंगानं पडवीत लोळतो आणि ते बिचारं लोकरीचा कोट घालून धापा टाकतं. पैसे मोजून पाप विकत घ्यायचं. असो.

मी एस.टी.त कंडक्टर होतो. निवृत्त झालो त्या वर्षी बांद्याच्या पलीकडे, गोव्यातल्या एका शेल्टरमध्ये गेलो. तिथल्या बाईंनी फॉर्म पुढे केला. घर स्वतःचं का, आवाराला गडगा आहे का, घरातल्या सगळ्यांची संमती आहे का. मी ठोकून दिलं, आहे. बाई माझ्यापेक्षा वस्ताद. म्हणाल्या, आईंना फोन लावा. आमची आये तेव्हा ब्याऐंशी वर्षांची. फोनवर तिला वाटलं मी बैल घेतोय. म्हणाली, "बरो असलो तर हाड." हाड म्हणजे आण. झाली संमती.

घरी आल्यावर तिनं बघितलं. "ह्यां काय हाडलंस? आणि ह्येचो कान कोणी खाल्ल्यान?" आता, कानाचं टोक कापलेलं असणं ही नसबंदी झाल्याची खूण. भूल दिलेली असतानाच कापतात, म्हणजे तेच कुत्रं पुन्हा पकडलं जात नाही. आयेला हे तीनदा सांगितलं. तिनं एवढंच सांगितलं, "उंबऱ्याच्या आत हाडू नको."

कुत्रा न्हाणीघराच्या चुलाण्यामागे जाऊन बसला. तीन दिवस बाहेर नाही. शेल्टरवाल्यांचा एक ठोकताळा आहे: तीन दिवस घाबरण्याचे, तीन आठवडे घर ओळखण्याचे, तीन महिने घर आपलं वाटायला. लक्षात ठेवा, तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने. आमचा तिसऱ्या आठवड्यात पडवीत आला, भात नि बांगड्याचं डोकं खाऊ लागला. पण भुंकेना. पोस्टमन आला, गप्प. माकडं आली, गप्प. कोंबडा अंगावर धावून आला तर हाच चुलाण्यामागे. वाडीतले हसायचे. आये म्हणाली, "ह्येका भुकाक येणा नाय." आणि तिनं नाव ठेवलं, मुको. शेल्टरमधलं रॉकी हे नाव तिथंच संपलं.

मग आली आमच्या देवळाची जत्रा. कार्तिक महिना, रात्री दशावताराचं नाटक. दशावतार म्हणजे बाकड्याचं सिंहासन आणि पाठ केलेलं एक वाक्य नाही, सगळं तिथल्या तिथे बोलायचं. आता ट्रिकसीन आलेत, धूर काय, दिवे काय. मला विचाराल तर राक्षसाला धुराची गरज पडली की समजावं, राक्षस कच्चा आहे. तर, आम्ही पुढे बसलेलो आणि मुको कधी मागून येऊन आयेच्या लुगड्याला चिकटला, कळलंच नाही. पखवाज वाजला, झांज वाजली आणि पडद्याआडून राक्षसानं आरोळी ठोकली. हा राक्षस पक्का होता. पोरं आईच्या कुशीत शिरली.

आणि मुको उठला. चार पाय रोवले आणि भुंकला. पहिल्यांदा. आवाज असा की पखवाज थांबला.

राक्षस मुरलेला. तलवार रोखून म्हणाला, "कोण रे तू? आमच्या दरबारात आमच्या आज्ञेवाचून गर्जना करणारा?" मुको भुंकला. "इंद्र आमच्यापुढे चळचळा कापतो, आणि तू?" मुको दोन पावलं पुढे. राक्षस दोन पावलं मागे, बाकड्यावर चढला आणि पेटीवाल्याकडे वळून म्हणाला, "बुवा, ह्येका आधी बांधा, नायतर मी आत जातंय!"

मांडव हसून लोळला. आणि त्या हसण्यात आमची आये उभी राहिली, दोन्ही हात वर करून ओरडली, "माझो मुको बोललो! गो बायांनो, माझो मुको बोललो!"

माझो. मी ऐकलं ते.

त्या रात्री मुको उंबऱ्याच्या आत झोपला. आयेच्या खाटेखाली. मी काही बोललो नाही, तीही बोलली नाही.

काचेपलीकडून खूण होतेय, दोन मिनिटं उरलीत. तर महत्त्वाचं झटकन. रेबीजची लस दरवर्षी, चुकवू नका. कुत्रं कुणाला चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना, काही लावू नका, लगेच सरकारी दवाखाना गाठा. पोटातली चौदा इंजेक्शनं आता नाहीत, त्या भीतीनं घरी बसू नका. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टो, म्हणजे उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप, असतो, कुत्र्यालाही होतो, त्याचीही लस असते, डॉक्टरांकडे मागून घ्या. गोचीड रोज बघा, कानात आणि बोटांच्या मधे. कांदा घातलेलं कालवण देऊ नका. आणि रात्री कुत्रं अंगणात साखळीनं बांधू नका. वाघ, म्हणजे आपला बिबट्या, साखळीतलं कुत्रं सहज नेतो. घरात घ्या, निदान पडवीला दार करा.

आणि हो, पिल्लू नको, मोठं आणा. पुढच्या जत्रेत त्याच राक्षसानं पडद्याआडून आधी माणूस पाठवला होता, "मुको इलो काय?" असं विचारायला. आये म्हणाली, "इलो. फुडेच बसलो हा."

नमस्कार.